केमो सुरू असताना सोळा तासांचा उपवास: खान्देशातल्या एका सुनेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. यावल तालुक्यातल्या एका ताईंच्या सासूबाई, वय 56, स्तनाचा कॅन्सर. शस्त्रक्रियेआधी केमो सुरू आहे: लाल औषधाचे (लाल रंगाचं केमोचं सलाइन) चार डोस दर 21 दिवसांनी, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध दर आठवड्याला. दोन डोस झालेत. मधुमेह जुना आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू आहेत. मोबाइलवरचा एक व्हिडिओ बघून त्या सकाळी 11 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळात जेवतात, बाकी सोळा तास पोट रिकामं. गुरुवार, दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी पूर्वीपासून आहेतच. वजन 61 किलोवरून 58 वर आलंय. "गाठीला उपाशी मारायचं" असं त्या म्हणतात. करू द्यावं की थांबवावं?

ताई, आत्ता थांबवा. कायमचं नाही, पण केमो चालू आहे तोवर नक्की. कारणं सविस्तर सांगतो, कारण नुसतं "डॉक्टर नको म्हणतात" सांगून सासूबाई ऐकणार नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं हे त्यांनाही कळलं पाहिजे.

आधी त्या व्हिडिओतल्या गोष्टीत खरं काय आहे ते बघू. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात हे खरं आहे. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने ते 1920 च्या दशकात दाखवलं, आणि पेट स्कॅनमध्ये (साखरेसारखं औषध टोचून काढलेलं शरीराचं चित्र) गाठ चमकते ती त्याच गुणामुळे. पण पोट रिकामं ठेवलं म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृतात साठवलेली साखर साधारण एक दिवस पुरते. ती संपत आली की यकृत नवीन साखर बनवायला लागतं, आणि त्यासाठी कच्चा माल घेतं तो मुख्यतः दंड-मांड्यांच्या स्नायूंमधून. म्हणजे गाठीला साखर मिळतच राहते, झिजतात ते बाईंचे हातपाय. पेट स्कॅनच्या आधी सहा तास उपाशी ठेवतात ते चित्र स्पष्ट यावं म्हणून. त्याला उपचार समजू नका.

संशोधन झालं आहे, तेही सांगतो. उंदरांना दोन-अडीच दिवस उपाशी ठेवून केमो दिली तर त्यांना औषधाचा त्रास कमी होतो, हे 2008 मध्ये अमेरिकेत दिसलं. तिथून ही सगळी चर्चा सुरू झाली. माणसांवरचा स्तनाच्या कॅन्सरमधला महत्त्वाचा प्रयोग नेदरलँड्समधला, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात 131 बायका होत्या. निम्म्यांना केमोच्या आधी तीन दिवस आणि केमोच्या दिवशी अगदी कमी कॅलरीचा, कमी प्रथिनांचा ठरवून दिलेला आहार दिला, बाकीच्या नेहमीसारखं जेवल्या. स्कॅनवर गाठ आक्रसण्याचं प्रमाण उपवासाच्या गटात जास्त दिसलं. पण शस्त्रक्रियेनंतर गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या बायका दोन्ही गटांत जवळपास सारख्याच निघाल्या, आणि केमोच्या त्रासातही मोठा फरक नव्हता. सगळ्या डोसांना तो आहार पाळू शकणाऱ्या बायका होत्या पाचात एक. ज्या प्रयोगात तज्ज्ञ मंडळी पाठीशी असताना पाचातल्या चार जणींना शेवटपर्यंत झेपलं नाही, तो घरी, एकटीने, मधुमेहासकट करणं किती अवघड आहे याचा विचार करा. शिवाय तो सोळा तासांचा रोजचा उपवास नव्हताच. साबुदाण्याचाही नव्हता.

दुसरा एक आकडा व्हिडिओंमध्ये फार फिरतो, तो 13 तासांचा. 2016 मध्ये अमेरिकेतल्या 2413 बायकांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा रात्री 13 तासांपेक्षा कमी वेळ पोट रिकामं ठेवणाऱ्यांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी जास्त दिसलं. मृत्यूच्या प्रमाणात तसा ठोस फरक दिसला नाही. या बायका सुरुवातीच्या टप्प्यातल्या होत्या आणि त्यांच्यापैकी कुणालाही मधुमेह नव्हता. त्या नोंदी होत्या, प्रयोग नव्हता; रात्री उशिरा खाणाऱ्या बायकांच्या इतर सवयीही वेगळ्या असतात. तरी त्यातून एक उपयोगी गोष्ट घेता येते, ती पुढे येईल. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने 2022 मध्ये उपचारकाळातल्या आहाराबद्दल मार्गदर्शन काढलं. त्यात उपवासाची शिफारस करायला पुरेसा पुरावा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे.

आता सासूबाईंकडे येऊ. 61 वरून 58 म्हणजे जवळपास पाच टक्के वजन गेलं, तेही दोन डोसांत, साधारण सहा आठवड्यांत. ही उपचारांच्या दृष्टीने धोक्याची खूण आहे. वजन कमी झालं याचा त्यांना आनंद वाटत असेल, पण इतक्या लवकर जातं त्यात स्नायू बराच असतो. जिना चढताना मांड्या भरून येतात का, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का, बांगड्या सैल झाल्यात का, हे बघा. केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात. वजन फार घसरलं तर डोस बदलावा लागतो, रक्तातल्या पेशी वेळेवर भरून आल्या नाहीत तर डोस पुढे ढकलावा लागतो. डोस वेळेवर होणं हे या उपचाराचं निम्मं बळ आहे. उपवासाने गाठ मरेल की नाही ते कुणाला ठाऊक नाही, पण चुकलेल्या डोसाने तिला फावतं हे पक्कं.

आणि एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही: त्या सोळा तासांपेक्षा जास्त उपाशी राहत असतील. केमोनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मळमळ असते, तेव्हा जेवणाच्या वेळेतही चार घास जातात. गाडीने मुंबईला जायचं तर आदल्या संध्याकाळी थोडं खाऊन निघायचं, सकाळी रक्ततपासणी, मग रिपोर्टची वाट, मग डॉक्टरांची रांग. दुपार होते आणि पोटात काल संध्याकाळपासून चहाशिवाय काही नसतं. केमोआधीच्या रक्तपेशींच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. उपाशीपोटीची साखर करायची असेल तेवढी एक वेगळी. म्हणून जाताना डबा बरोबर ठेवाच: दशम्या, उकडलेली अंडी असतील तर ती, फुटाणे आणि दोन केळी. कापून ठेवलेली फळं किंवा उसाचा रस स्टेशनवर घेऊ नका.

दुसरा न दिसणारा उपवास ताटातच असतो. "पचायला हलकं" म्हणून आपल्याकडे आजारी माणसाला वरणाचं पाणी, तांदळाची पेज, साबुदाण्याची लापशी, नारळपाणी देतात. पातेलं न ढवळता पळी वरवर फिरवली की वाटीत येतं ते पिवळं पाणी. डाळ तळाशी बसलेली असते आणि ती घरातल्या बाकीच्यांच्या ताटात जाते. सासूबाईंसाठी पळी तळापर्यंत घाला, घट्ट वाढा. गिळायला त्रास होत असेल तर तीच डाळ रवीने घोटा. एवढ्या एका बदलाने दिवसाला दहा-बारा ग्रॅम प्रथिनं वाढतात.

हिशेब करू. उपचारात रोज दर किलो वजनाला 25 ते 30 कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत लागतात. 58 किलोला साधारण 1450 ते 1740 कॅलरी आणि 70 ते 85 ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. आपल्या स्वयंपाकात हे बसतं, फार काही आणावं लागत नाही. सकाळी साडेसातला कपभर दूध, बिनसाखरेचं, सहा ग्रॅम. साडेनऊला दोन अंडी पूर्ण उकडलेली, बारा ग्रॅम. अंडी चालत नसतील तर तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके, कढी बरोबर. दुपारी एकला कळण्याची भाकर. चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद घालून दळलेलं कळणं असेल तर शंभर ग्रॅम पिठात बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, नुसत्या ज्वारीत दहा. तिच्याबरोबर 30 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (सात) आणि मोठी वाटी दही (पाच). चारला मूठभर फुटाणे आणि ताक, सहा-सात. साडेसातला 60 ग्रॅम पिठाची एक भाकर, पुन्हा 30 ग्रॅमची डाळ, आणि पन्नास ग्रॅम पनीर, मिळून बावीस. बेरीज सत्तरच्या वर जाते. तेल-तूप या काळात फार कमी करू नका, भाकरीवर चमचाभर तूप राहू द्या.

सोयाबीनने कॅन्सर वाढेल ही भीती बऱ्याच जणी बोलून दाखवतात. जेवणातलं सोयाबीन, म्हणजे वड्या किंवा पिठात मिसळलेलं, बेताने चालतं. सोयाच्या गोळ्या आणि पावडरी मात्र डॉक्टरांना न विचारता नकोत. शेंगदाणे घेताना कुबट वासाचे, काळपट, बुरशी आलेले दाणे वेचून टाका.

तोंड आलं असेल तर ठेचा, शेवभाजीचा काळा मसाला आणि गरम रस्सा पंधरा दिवस बाजूला ठेवा. भरीत चालेल, पण वांगं भाजून, हिरवी मिरची आणि कांद्याची पात न घालता, दह्यात कालवून. भाकर दुधात किंवा घट्ट वरणात कुस्करून द्या. पांढऱ्या पेशी कमी होतात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात. तेव्हा अन्न ताजं शिजवलेलं, दूध उकळलेलं, दही घरी विरजलेलं. केळी आपल्याकडे दारात असतात आणि साल काढून खायची म्हणून ती या दिवसांत सोयीची. साखर बघून अर्धं-एक. कोशिंबीर थोडे दिवस थांबू शकते. आणि मळमळीच्या दिवसांत त्यांच्या आवडीचा पदार्थ करू नका. उलटी आणि तो वास यांची सांगड बसली की महिनोन् महिने त्या पदार्थाकडे बघवत नाही. त्या दिवसांत दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी, गारसर, कमी वासाचं.

औषधांचा भाग नीट वाचा, कारण सोळा तासांच्या उपवासाने खरी दुर्घटना इथे होते. ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर घसरते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं केमोच्या अशक्तपणात मिसळून जातात आणि घरच्यांना वाटतं औषधाचा थकवा आहे. यंत्रावर 70 च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, मग खायला द्यायचं. उलट केमोबरोबर दिलेल्या डेक्सामेथासोनने (मळमळ आणि ॲलर्जी रोखणारं स्टिरॉइड) साखर वर चढते, तीही दुपारनंतर. सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. ते दोन-तीन दिवस संध्याकाळचीही बघा. डेक्सामेथासोन रिकाम्या पोटी घेतली तर जळजळ होते, खाल्ल्यावरच द्यायची. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्याच गटातली गोळी कधी सुरू झाली, तर उपवास आणि उलट्यांच्या दिवसांत रक्तात आम्ल वाढून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना मधुमेहाच्या गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. न जेवल्यास कोणती गोळी गाळायची हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

पुढे कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या लागल्या तर त्या दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात. आठ तासांच्या जेवणाच्या वेळेत ते बसतच नाही. लॅपॅटिनिब ही कॅन्सरचीच दुसरी गोळी मात्र रिकाम्या पोटी घ्यायची असते. म्हणून शेजारच्या बाईंचं वेळापत्रक उचलू नका.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. लाल औषधाबरोबर सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं आणखी एक औषध असतं, आणि ते लघवीवाटे जाताना मूत्राशयाच्या अस्तराला जाळतं. पाणी कमी पडलं तर लघवीत रक्त येऊ शकतं. डोसाच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस अडीच लिटर तरी पाणी, ताक, सरबत पोटात जायला हवं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रमाण डॉक्टर सांगतील. लाल औषधाने पहिले एक-दोन दिवस लघवी लालसर-केशरी दिसते, तो औषधाचा रंग आहे. त्यानंतरही लाल दिसली, जळजळ झाली, थेंब थेंब झाली तर कळवा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो, आणि ज्येष्ठात निर्जला एकादशी येते तेव्हा उकाडा सरलेला नसतो. या वर्षी ती एकादशी निर्जला करायची नाही, यात मागे-पुढे बघू नका.

आता व्रताचं. यात मी सासूबाईंच्या बाजूने बोलतो, कारण एकादशी मोडली ही बोचणी घेऊन केमोच्या खुर्चीत बसणं सोपं नसतं. मुक्ताईची पालखी जिथून निघते त्या मुलखातल्या बाईला "उपवास सोडा" असं तोंडावर म्हणणं मला योग्य वाटत नाही. पाणी, मुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं जुनं वचनच आहे. आजारी माणसाच्या वतीने घरातल्या दुसऱ्या कुणी व्रत धरायचीही रीत आहे. मुलगा किंवा तुम्ही त्यांच्या नावाने एकादशी धरा, त्यांनी नामस्मरण करावं. रमजानचा रोजा धरणाऱ्या घरांतही हेच. तिथेही आजाऱ्याला सूट आहे.

तरीही धरायचीच असेल तर पंचांग आणि केमोची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. एकादशी साधारण पंधरा दिवसांनी येते, केमो एकवीस दिवसांनी, त्यामुळे दर वेळी ती वेगळ्या दिवशी पडते. डोसापासून पंधरावा ते अठरावा दिवस हा त्यातल्या त्यात सुरक्षित टप्पा. तेव्हा एकादशी आली, वजन स्थिर असलं, रक्त बरं असलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तरच फराळासकट उपवास. डोसाच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे चौदा दिवस नाही. आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये असा मोकळा टप्पा राहतच नाही, तेव्हा तीन महिने सगळेच उपवास बंद. कानबाई देवीच्या रोटांचे (गव्हाच्या जाड पोळ्यांचे) दिवस आले तर रोट प्रसाद म्हणून खावा, पण दोन्ही वेळा नुसत्या रोटांवर ठेवू नका.

फराळाचं ताटही बदला. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नसतात आणि साखर भराभर वाढवतो. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकर, भगर अर्धी वाटी आणि तिच्यावर दाटसर शेंगदाण्याची आमटी, दही, पनीर, कपभर दूध. रताळं लहान. तळलेले चिप्स पोट भरतात, बाकी त्यात काही नाही. फराळ एकदाच भरपेट न करता चार वेळा, आणि गोळ्या त्याच्याशी जुळवून.

सासूबाईंना पोट रिकामं ठेवण्याचं काही समाधान हवंच असेल तर रात्रीची वेळ द्या. रात्री साडेसातला जेवण, सकाळी साडेसातला दूध. हे बारा तास त्यांना झेपतील, झोपेत जातील, आणि पित्तही कमी होईल. मळमळीच्या दिवसांत आणि रात्री साखर घसरत असेल तर तेही सोडायचं, झोपताना कपभर दूध द्यायचं. तेरा तासांचा विचार केमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन संपल्यावर करू. तोवर जखम भरायला आणि कातडी सावरायला प्रथिनं लागणार आहेत. नंतर, कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांची वर्षं येतात, तेव्हा बऱ्याच जणींचं वजन वाढतं आणि ते उतरवायला हवं. त्या वेळी मधुमेहाच्या गोळ्या बदलून घेऊन रात्रीचं जेवण लवकर उरकणं, रोज अर्धा-पाऊण तास चालणं आणि आठवड्यातून दोनदा पाण्याच्या बाटल्या उचलून दंडाचा व्यायाम असा रस्ता आहे. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताचा व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारूनच. महिन्याला दोन किलोपेक्षा वेगाने उतरू नये. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, त्यामुळे दूध-दही तेव्हाही सोडायचं नाही.

आजपासून एक वही करा. दर सोमवारी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, त्याच गाउनमध्ये वजन. रोज किती वेळा खाल्लं आणि किती उलट्या झाल्या एवढंच. आठवड्यात दोन किलो गेले, बारा तास पाणीही टिकलं नाही, किंवा लघवी दिवसभरात दोनदाच आणि गडद झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर रात्र असो की एकादशी, सरळ दवाखाना गाठा. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना काही तासांत संसर्ग रक्तात पसरतो. वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहा, आणि शेजारी केमो देणाऱ्या वॉर्डचा नंबर.